अकरा नावं आणि तो

ज्या घरात मी मोठी झाले त्या घराला दोन आवाज होते. खाली आमच्या स्वयंपाकघरात आजीचा खलबत्ता, आणि वरच्या मजल्यावर घरमालकांची काठी. आजी शेंगदाण्याचं कूट नेमकं दुपारी एक ते तीनच्या मध्येच करायची, म्हणजे हाउसऑर्डनुंगच्या नियमांप्रमाणे अख्ख्या इमारतीने जेव्हा चिडीचूप बसायचं असतं तेव्हा. आई दबक्या आवाजात म्हणायची, "अहो आई, रूहेत्साइट आहे, शेजारचे तक्रार करतील." आजी म्हणायची, "करू दे की. मी काय त्यांच्या डोक्यात कुटतेय?" घरमालकांनी मात्र कधी तक्रार केली नाही. उलट खलबत्ता थांबला की वरून काठी तीनदा वाजायची. टक, टक, टक. ती माझ्यासाठी असायची. वाचायला वर ये, एवढाच तिचा अर्थ.

घरमालक डॅनिश होते. बायको न्युरेम्बर्गची, घर तिच्या माहेरचं. ती गेल्यावर मायदेशी परत न जाता ते तिच्या कपाटांत आणि तिच्या पडद्यांत एकटेच राहिले. जिन्याखालच्या पत्रपेटीवर त्यांच्या नावाआधी दोन पदव्या होत्या आणि पोस्टमन त्यांना टोपी काढून नमस्कार करायचा, यावरून आजीने पहिल्याच आठवड्यात ताडलं, की माणूस मोठा आहे. ती त्यांना "वरचे साहेब" म्हणायची, म्हणून आम्हीही घरात तसंच म्हणू लागलो. ते खरोखरच मोठे होते. आयुष्यभर कायदा शिकवलेले, पुराव्याच्या शास्त्रावर दोन जाडजूड ग्रंथ लिहिलेले. शेवटची काही वर्षं ते एका आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश होते. बाल्कनमधल्या युद्धानंतर तिथल्या माणसांनी एकमेकांना काय केलं ते ऐकायचं आणि त्यावर निकाल द्यायचा, असं ते काम. निवृत्त होऊन ते तिसरा ग्रंथ लिहायला बसले आणि नेमके डोळे गेले. पुरते नाही. कडेकडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. त्यामुळे आपल्याशी बोलताना ते मान तिरकी करून आपल्या खांद्यापलीकडे बघायचे. आजीला वाटायचं, साहेबांना आमचा वास आवडत नाही.

मी त्यांच्या वाचनाला कशी लागले ते सांगते. मी नऊ वर्षांची असताना बाबांच्या नोकरीपायी आम्ही इथे जर्मनीत आलो, आणि सोळाव्या वर्षापर्यंत मी आईबाबांना बिनदिक्कत जर्मनमध्ये उत्तरं देणारी कार्टी झाले होते. आजीपुढे ते चालायचं नाही. तिला मोतीबिंदू, आणि पुण्याहून कुणी आलं की पेपरचा गठ्ठा यायचा. तो मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचे, निधनवार्तांसकट. बाल्कनीत आमचं हे चाले आणि वर साहेब ऐकत बसत. एक दिवस जिन्यात त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "मला एक शब्द कळत नाही, पण तू काही गाळत नाहीस हे कळतं. इंग्रजी येतं?" पुण्याच्या शाळेतलं इंग्रजी होतं, शिवाय इथलं. "आल्झो, तर मग उद्यापासून ये," म्हणाले. झालं.

त्यांच्या कामाची एक रीत होती आणि ती त्यांनी मला पहिल्या दिवशीच बजावली. काही गाळायचं नाही. स्वल्पविराम नाही, पानाचा आकडा नाही, कंसातलं "साक्षीदार गप्प" सुद्धा नाही. आणि आवाज लावायचा नाही. रडणाऱ्याचं वाक्य रडून वाचायचं नाही, मारणाऱ्याचं दरडावून नाही. हे ते वडिलांकडून शिकले होते म्हणे. वडील डेन्मार्कात, युटलंडमधल्या एका सहकारी डेअरीत दूध तपासायचे. "शेतकरी दारात उभा असायचा," साहेब सांगत, "कधी रडवेला, कधी लाघवी. वडील त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. काचेच्या नळीकडे बघायचे. पाणी आहे की नाही ते नळी सांगते, तोंड सांगत नाही." पुढे ते न्यायासनावर बसले तेव्हाही हेच. साक्षीदार बोलत असताना मान खाली, नजर कागदावर. आपण एकाही साक्षीदाराचा चेहरा पाहिलेला नाही हे ते अभिमानाने सांगायचे, आणि मलाही ते फार भारी वाटायचं.

तर अशी मी दुपारी वाचायचे. खाली तिखट फोडणी बसली की तिचा ठसका जिन्याने वर यायचा आणि साहेब खोकत खोकत म्हणायचे, "थांबू नकोस." मध्ये काळ्या पावावर खारवलेला मासा ठेवून ते मला द्यायचे. मी आजीला "पाव खाल्ला" एवढंच सांगायचे. त्या कागदांत काय असायचं ते इथे लिहीत नाही. नावं काळ्या पट्टीने झाकलेली असत, बाकीचं काही झाकलेलं नसे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे वाचायला द्यावं का, असा प्रश्न आज माझ्या मनात येतो. तेव्हा मला, साहेबांना किंवा आईबाबांनाही तो पडला नाही. बाबा अभिमानाने मित्रांना सांगायचे, "आमची रेवती जज्जकडे काम करते."

त्या हिवाळ्यात आजीच्या राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवायची होती. बाबा, आजी आणि मी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, गेलो. टेबलामागची बाई तरुण होती, नीट होती. फॉर्म भरता भरता तिने दिवंगत पतीचं नाव विचारलं. बाबा सांगायला लागले तर तिने हात वर केला. अर्जदाराने स्वतः सांगायला हवं. बाबांनी आजीला विचारलं. आजी खाली बघत बसली. "अगं आई, सांग ना!" आजी पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. बाईने पेन खाली ठेवलं आणि मला हळूच विचारलं, "यांना माहीत नाही का?" बाबांचे कान लाल झाले. शेवटी आजी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "रेवे, तू सांग." मी आजोबांचं नाव सांगितलं, आजीने मान डोलावली, बाईने लिहून घेतलं. बाहेर आल्यावर बाबा कडाडले, "तिला वाटलं तू बाबांची बायकोच नाहीस! परत पाठवलं असतं म्हणजे?" आजी शांतपणे म्हणाली, "मग काय त्या पोरीपुढे उखाणा घेऊ?" ट्राममध्ये मी हसून हसून बेजार. घरी आईला साभिनय करून दाखवलं. आजीने लग्नानंतरच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी "हे," नाहीतर "रेवीचे आजोबा." ते गेल्यावर तर तेही कमी झालं. नुसतंच "ते".

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. साहेबांच्या ग्रंथात साक्षीदारांच्या विश्वासार्हतेवरचं प्रकरण चालू होतं आणि त्यांनी स्वतःच्याच एका खटल्याचे कागद काढायला सांगितले होते. डोंगरातलं एक गाव, लाकडाची वखार, तिथून नेलेले पुरुष. नेणाऱ्यांचा म्होरक्या आरोपी. जिवंत राहिलेली साक्षीदार एकच, गावातली एक म्हातारी. तिला विचारलं होतं, त्या दिवशी वखारीतून कुणाकुणाला नेलं? तिने एकेक नाव घेतलेलं. कागदावर अकरा काळ्या पट्ट्या. मी प्रत्येकीला "झाकलेलं नाव" असं म्हणत गेले. मग पुढे होतं:

"आणि तो."

"तो कोण?"

(साक्षीदार गप्प.)

"न्यायाधीश: साक्षीदाराने नाव सांगावं."

(साक्षीदार गप्प.)

"न्यायाधीश: पुन्हा विचारतो, बारावा माणूस कोण?"

(साक्षीदार गप्प.)

"न्यायाधीश: पुढे चला."

मी हसले. फिस्सकन हसू फुटलं. जे वाचत होते त्यात हसण्यासारखं काय होतं? काहीही नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त पदराचा काठ गुंडाळणारं बोट आलं होतं. साहेबांनी मान तिरकी केली. "काय झालं?"

"एन्टशुल्डिगुंग," मी माफी मागत म्हणाले. "ही बाई गेनाऊ, अगदी आमच्या आजीसारखी आहे."

"कशी?"

"नवऱ्याचं नाव घेत नाही."

आणि मी त्यांना कचेरीतला सगळा प्रसंग सांगितला. त्या बाईचं पेन खाली ठेवणं, बाबांचे लाल कान, सगळं. नकला फर्मास करायचे मी. ते हसले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचलं. "जा," ते म्हणाले. जर्मन "जा", म्हणजे "हो". ते तसंच तीन-चार वेळा म्हणाले, दर वेळी हळू. मग त्यांनी मला सांगितलं. त्या बाईने आधी निर्वासितांच्या छावणीत जबानी दिली होती. त्या जबानीत बारा नावं होती. तेव्हा शेजारी तिची मुलगी बसली होती; बारावं नाव तिने सांगितलं असणार. कोर्टात ती एकटी होती, आणि अकराच नावं आली. गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच, त्यामुळे बारावा तिचा कोण ते कागदावरून कुणाच्या ध्यानात आलं नाही. बचावाचा वकील म्हणाला, बारावं नाव पढवलेलं आहे, म्हणजे जबानीच पढवलेली. फिर्यादी पक्षाचा वकील तरुण होता, घाईत होता. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी तिला अविश्वासार्ह ठरवलं, आणि तो निकाल साहेबांनी लिहिला. नळीत पाणी दिसलं होतं. म्होरक्या सुटला.

इथे मी खरं लिहिणार आहे. हे ऐकल्यावर आधी मला वाईट वाटलं नाही. आधी अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या विद्वानाला जे कळलं नाही ते मला एका वाक्यात कळलं! जिना उतरताना मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले. त्या उड्या मला अजून छळतात.

दुसऱ्या दिवशी काठी वाजली नाही. त्याऐवजी कठड्याला धरून साहेबच खाली आले. आमच्या घरात ते पहिल्यांदाच येत होते. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. आईची धांदल उडाली. आजीने डोक्यावर पदर घेतला आणि तव्यावरचं थालीपीठ त्यांच्यापुढे ठेवलं. ते खुर्चीत ताठ बसले आणि मला म्हणाले, "तुझ्या आजींना काही विचारायचं आहे. त्या म्हणतील तेच सांग. काही गाळू नकोस." मी मध्ये उभी राहिले. आधी त्यांनी आपल्यापुढे झालेली त्या म्हातारीची साक्ष आजीला सांगितली, वखारीपासून "आणि तो"पर्यंत. जन्मभर हेच दुभाष्याचं काम माझ्या नशिबी येणार होतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आज मी आश्रय मागणाऱ्यांच्या सुनावण्यांना बसते, पण त्या दुपारइतकं अवघड भाषांतर मी पुन्हा केलेलं नाही.

त्यांनी विचारलं, नाव ठाऊक असून न सांगणं म्हणजे सत्य लपवणं नाही का?

"लपवायचं काय त्यात?" आजी म्हणाली. "अख्ख्या गावाला ठाऊक असतंय की."

पण शपथ घेतली असेल तर? खुद्द न्यायाधीशाने दोनदा विचारलं असेल तर?

"मग तर नाहीच. इतक्या परक्या माणसांपुढं?"

काहीच वाट नसते का? साहेबांचा आवाज खाली गेला होता. मी त्यांना उखाण्याबद्दल सांगितलं होतं. त्यांनी तो शब्दही उच्चारून पाहिला. आजीने माझ्याकडे असं पाहिलं, की हे यांना कुणी शिकवलं? मग ती म्हणाली, "उखाणा हौसेचा असतो, म्हणावं. मढी मोजताना कुणी उखाणा घेतं का?"

मी हे भाषांतरित केलं. मढी या शब्दाला मी "मेलेली माणसं" म्हणाले, तेवढं मऊ केलं. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, आणि त्यासाठी ते एवढा जिना उतरून आले होते हे मला तेव्हा समजलं. न्यायाधीशाने काय विचारायला हवं होतं?

आजीने गॅस बंद केला. "विचारायचं काय आणखी? 'आणि तो' म्हणाली ना ती? मग सांगितलंच की तिनं. जीव तोडून सांगितलं. ती बोलत होती तेव्हा हे साहेब बघत कुठं होते?"

मला वाटलं, हे गाळावं. पण साहेब मान तिरकी करून थांबले होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "कागदाकडे." मी आजीला तेही सांगितलं. आजीने मान डोलावली, कचेरीत डोलावली होती तशीच. "थालीपीठ गार होतंय म्हणावं," ती म्हणाली. त्यांनी ते सगळं खाल्लं. घास गिळताना त्यांच्या गळ्यातली टायची गाठ वरखाली होत होती. ते गेल्यावर आई पहिल्यांदा आजीवर चिडली, "एवढं तोडून कशाला बोलायचं?" आजी म्हणाली, "त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. विचारणारा माणूस बरा. न विचारणारे असतात."

पुढचे दोन महिने मी फक्त पत्रं लिहिली. ते सांगायचे, मी टंकायचे. न्यायालयाला, जुन्या सहकाऱ्यांना, त्या भागातल्या एका अभ्यासकाला. न्यायालयाचं उत्तर सभ्य होतं: निकाल अंतिम आहे, नवा पुरावा काही नाही. ते बरोबरच होतं, कायदा त्यांनीच शिकवला होता. अभ्यासकाचं पत्र फेब्रुवारीत आलं. मी ते वाचून दाखवलं, आवाज न लावता. त्या डोंगरी गावांतल्या जुन्या बायकांत नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत होती, हे खरं. ती बाई निकालानंतर गावी परतली आणि दुसऱ्या हिवाळ्यात वारली. तो माणूसही गावी परतला. त्याचं स्वागत वाजतगाजत झालं. ती वखार आता त्याचीच आहे. गावाबाहेर एक दगड बसवला आहे, त्यावर नेलेल्या माणसांची नावं कोरलीत. नावं न्यायालयाच्या निकालावरून घेतलेली आहेत, म्हणून ती अकरा आहेत.

त्यानंतर ग्रंथ थांबला. काठी मात्र रोज वाजायची. मी वर जायचे आणि ते एकच पान वाचायला सांगायचे. वखार, अकरा झाकलेली नावं, "आणि तो", तीनदा "साक्षीदार गप्प", "पुढे चला". ते ऐकायचे आणि म्हणायचे, "डांके, नीघ आता." पाव आणि मासा बंद झाला. ते बारीक होत गेले, कॉलर गळ्याभोवती सैल होऊन लोंबू लागली. मला खलबत्ता थांबण्याची भीती वाटू लागली. एकदा मी रडत आजीला म्हणाले, "मी हसले नसते तर त्यांना कळलंच नसतं गं." आजी माझ्या केसांना तेल लावत होती. तिने "उगी" म्हटलं नाही. ती म्हणाली, "हसलीस ते चुकलं तुझं. सांगितलंस ते नाही." एवढीच तिची समजूत. इतकी वर्षं झाली, मी अजून त्या दोन वाक्यांच्या मध्येच कुठेतरी आहे.

ते एप्रिलमध्ये गेले. डेन्मार्कहून पुतण्या आला, खोकी भरली, घर विकलं. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिसरा ग्रंथ त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध केला, त्यात ते प्रकरण नाही. प्रस्तावनेत त्यांच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक आहे, साक्षीदारांकडे न बघण्याच्या सवयीसकट. मी ते पुस्तक विकत घेतलं आणि प्रस्तावनेपुढे वाचू शकले नाही.

पण ते जाण्याच्या दोन-तीन दिवस आधीची एक दुपार सांगायची राहिली. काठी वाजली ती इतकी हळू, की आजीनेच मला सांगितलं, "वर बोलावतायत बघ." ते पलंगावर होते. खिडकी उघडी होती आणि खालून आजीच्या भाकरीचा वास येत होता. मी पान घेतलं. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, बस झालं. काय फरक पडतो? त्यांना दिसत तर नाही. मी वाचायला लागले. वखार. प्रश्न. झाकलेलं नाव, झाकलेलं नाव, अकरा वेळा, त्याच सपाट आवाजात. आणि अकराव्यानंतर मी सरळ "पुढे चला" म्हणाले. मधलं सगळं गाळलं. माझ्याकडून त्यांना दिलेली ती सुट्टी होती. त्या वयात मला तेवढंच देता येत होतं.

मला वाटलं, त्यांचा डोळा लागला. मी पानाची घडी करू लागले. तेव्हा त्यांनी मान वळवली. या खेपेला तिरकी नाही, सरळ, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे, माझ्या तोंडाकडे.

"रेवती," ते म्हणाले, "एक जण राहिला."

मी घडी उलगडली आणि वाचलं, "आणि तो."